बांधावरचा कुर्डू

गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी वैशाखापासून दिवाळीपर्यंत घाटकोपरला थोरल्याकडं होतो. आमच्या जुन्नर तालुक्यातली कितीतरी माणसं घाटकोपर-मुलुंडला आहेत, त्यामुळं परकं वाटायचं कारण नव्हतं. पण जन्म रानात गेलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर काय काम? सून म्हणायची, "आबा, तुम्ही नुसतं बसा." बोलायची चांगल्या मनानंच, पण ते 'नुसतं' लागायचं.

नातवाच्या शाळेची सहल निघाली, सोबत घरचं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेलो. सहल होती माहीमच्या निसर्ग उद्यानात. घाटकोपरहून शीव तिसरं स्टेशन, पुढं बस. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मिठी नदी, नदीपलीकडं काचेच्या इमारती. मधी सदतीस एकरांचं रान. आत गेलो आणि गारवा लागला. तिथल्या शिकवणाऱ्या पोरीनं सांगितलं, ही पूर्वी मुंबईच्या कचऱ्याची जागा होती. 1977 च्या सुमारास कचरा टाकायचा थांबला. मग माती आणून झाडं लावायला सुरुवात झाली. 1983 साली पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या सलीम अलींनी पहिलं झाड लावलं आणि 1994 ला उद्यान लोकांना खुलं झालं. मी पायाखाली बघितलं. म्हणलं, आपण उकिरड्यावर उभे आहोत. उकिरड्यावर भोपळ्याचा वेल जोरात येतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण जंगल?

मग मला सवय लागली. काठी घेऊन पंधरा दिवसांनी एखादा दिवस तिथं काढायचा. वैशाखात सगळं वाळलेलं, माळी रोपांच्या पिशव्या भरत बसलेले. मृगाचा पाऊस झाला की झाडं लावायला माणसांच्या टोळ्या यायच्या, शाळेच्या, ऑफिसच्या. एक रोप लावायला चार माणसं आणि फोटो काढायला पाचवा. मी बाकड्यावर बसून मनात हसायचो. ज्याचं पीक गेलं तरी रात्रीची भाकरी जात नाही, त्याची कसली शेती, असं माझं म्हणणं.

श्रावणातली गोष्ट. नातू बरोबर होता. ती पोरगी मुलांना घेऊन वाटेच्या कडेला उकिडवी बसली होती. टाकळ्याच्या पानावर बारीक पांढरं अंडं होतं, ते दाखवत होती. पिवळी फुलपाखरं ह्याच झाडावर अंडी घालतात, ह्याचीच पानं खाऊन अळी मोठी होते, असं सांगत होती. वीस पोरं श्वास धरून बघत होती. नातवानं मागं वळून विचारलं, "आबा, आपल्या रानात आहे का हे?"

मी म्हणालो, "आहे की. तण आहे ते. उपटून टाकतो आपण."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. ती पोरगी रागावली नाही. तिनं विचारलं, "काका, तण कशाला म्हणतात?"

पन्नास वर्षं खुरपं धरलेला माणूस मी, पण मला चट्कन सांगता येईना. "जे आपण लावलं नाही ते," एवढं बोललो. ते चूक होतं हे बोलताबोलताच कळलं. बांधावरचा लिंब मी कुठं लावला होता?

दुपारी डबा खाऊन रोपवाटिकेकडं गेलो. तिथं एक माळी रोपांच्या पिशव्यांतलं गवत उपटत होता, आणि त्याच्या ढिगात टाकळाही होता. सकाळी ज्याच्यापुढं पोरं बसली होती, तोच टाकळा. मी विचारलं, तर तो म्हणाला, "इथं राहिला तर रोप खातो ना, काका." त्याच्यापाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

आता शेतकऱ्याची बाजू आधी मांडतो, नाहीतर वाचणारा म्हणायचा, म्हातारा मुंबईला जाऊन बिघडला. कांद्याच्या वाफ्यात तण माजलं की कांदा पोसत नाही. कांद्याचं पान ते केवढं, सावली धरत नाही, त्यामुळं तण त्याच्या उरावर बसतं. खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. म्हणून तणनाशक आलं. ते मारणाऱ्याला पापी म्हणायचं असेल तर आधी त्याच्या वाफ्यात चार दिवस कंबर वाकवून बघावं. मी मारलं आणि वाफ्यात मारल्याची मला आजही लाज नाही.

लाज आहे ती दुसऱ्या गोष्टीची.

72 चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. रानात काही उगवलं नव्हतं. आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे. सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. त्या वर्षी जिथं थोडी ओल होती तिथं बांधाच्या कुशीला कुर्डू, पाथरी, तांदुळजा असं काहीबाही मिळायचं. आई कामावरून येताना ओट्यात पाला घेऊन यायची. मीठ-मिरची घालून परतायची. आम्ही पाच भावंडं त्यावर तगलो. पुढं बरे दिवस आले तरी आईनं सवय सोडली नाही. श्रावण आला की ती बांधावर जायची, पहिला कुर्डू खुडून आणायची आणि देवाला दाखवून मग आम्हाला वाढायची.

तणनाशक घरात आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाफे मारून झाले आणि पंपात औषध उरलं. टाकून कशाला द्यायचं, म्हणून मी बांधावर मारलं. बांध साफ दिसावा, एवढंच मनात होतं. आठ दिवसांनी आई टोपली घेऊन गेली आणि रिकामी परत आली. बांध जळाल्यासारखा पिवळा पडला होता. ती ओसरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "त्यानं तुझं काय खाल्लं होतं रं?"

मी उत्तर दिलं नाही. पंप धूत राहिलो. पुढच्या वर्षी ती गेली.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या माळ्याच्या ढिगापाशी सापडलं. तण हे कुठल्या झाडाचं नाव नाही. झाडाचं आणि आपलं जिथं भांडण लागतं, तिथं आपण त्याला ते नाव देतो. वाफ्यात भांडण खरं आहे, तिथं उपटावं. पण बांधावरच्या कुर्डूचं माझ्याशी काही भांडण नव्हतं. वाफ्यातलं नाव मी त्याच्या मागं बांधापर्यंत नेलं, आणि हातात औषध उरलं होतं एवढ्याच कारणानं मारलं. गरजेपोटी मारणं वेगळं आणि उरलंय म्हणून मारणं वेगळं, हे मला पहिल्यापासून कळायला हवं होतं.

माणसाचंही असंच होतं. एका जागी तो अडचणीचा झाला की आपण त्याला सगळीकडंच बिनकामाचा ठरवून मोकळे होतो. तिसऱ्या मजल्यावर मीही स्वतःला तसंच ठरवून बसलो होतो. भाद्रपदात त्या पोरीनं मला विचारलं, मुलांना खुरपं कसं धरायचं ते दाखवाल का? दाखवलं. पोरं मुठीत सुरी धरल्यासारखं खुरपं धरत होती. दोन तास गेले, गुडघा दुखला, पण घरी आल्यावर सुनेला म्हणालो, आज नुसतं बसलो नाही.

दिवाळीनंतर गावी आलो. पुढच्या पावसाळ्यात फवारणाऱ्या पोराला सांगितलं, बांध सोडून मार. तो हसला. म्हणाला, "आबा, बांधावरचं बी उडून वाफ्यात येतंय." त्याचंही खोटं नाही. येतं, आणि तेवढं मी खुरपून काढतो.

पहिल्या वर्षी बांधावर गवतच आलं. दुसऱ्या वर्षी आषाढ सरता सरता चार-पाच कुर्डू दिसले. खुडले नाहीत. बी धरू दिलं.