रांगेतला वेळ

आधी आला त्याचा नंबर आधी. वशिला नाही, ओळख नाही. सरकारी रांगेइतकी सरळ गोष्ट दुसरी नाही, असं मला वाटायचं. पण तिच्यात एक गृहीतक लपलेलं असतं: रांगेतल्या प्रत्येकाकडे थांबायला सारखाच वेळ आहे.

आमच्या जालना जिल्ह्यातला कर्करोगाचा गरीब रुग्ण संजय गांधी निराधार योजनेत बसतो. महिना 1500 रुपये. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र, तहसील, मग समितीची बैठक. दिव्यांग प्रमाणपत्राचा रस्ताही असाच; 2024च्या सुधारित नियमांनी तर त्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली. बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या त्याच वर्षी गाजल्या, त्यामुळे तपासणी कडक हवी असं वाटणं साहजिक आहे.

पण हिशेब करून बघा. अपात्र माणसाला तीन महिने पैसे गेले तर 4500 रुपये जातात, आणि ते वसूल करता येतात. पात्र माणसाला तीन महिने उशीर झाला आणि त्याच्याकडे तीनच महिने होते, तर? आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटा कायमचा उडवणारी कमांड देताना दहादा विचार करतो. फायलींच्या जगात मात्र ‘थांबवणं’ सुरक्षित समजलं जातं. चुकीच्या मंजुरीवर ऑडिटचा आक्षेप येतो. उशिरावर कोण घेणार?

अमेरिकेत 2008पासून गंभीर आजारांची एक यादी आहे. एएलएस किंवा काही कर्करोगांचं निदान झालं, की अर्ज झटपट निकाली निघतो.

मग मागे उभ्या असलेल्या अंध मुलाचं काय? त्याची भूक कमी आहे का? मुळीच नाही. पण ज्या फाइलीत रिपोर्टच सगळं सांगतो, तिला वेळ कितीसा लागणार? किराणा दुकानात काडेपेटीवाल्याला आपण पुढे जाऊ देतोच की.

मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. यादीला नाव असलेलाच आजार कळतो. मंठ्याच्या शेतमजुराला ते नाव मिळवायलाच आधी जालना, मग संभाजीनगरचं कॅन्सर हॉस्पिटल, प्रत्येक फेरीला एक रोज बुडवून. तोवर तो कुठल्याच रांगेत नसतो. त्याच्या अर्जाची तारीख कोणती धरायची: कागद पूर्ण झाले ती, की गाठ दाखवायला तो पहिल्यांदा आरोग्य केंद्रात गेला ती? मी दुसरी धरेन.