नक्षी शाबूत होती

टायर विकताना मी एकही शब्द खोटा बोललो नाही. "नक्षी बघ, अजून पाचेक हजार किलोमीटर सहज जाईल," एवढंच म्हणालो. नक्षी खरोखरच शाबूत होती. आठशे रुपये घेतले. घेणारा मुलगा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावातला. माझ्याच मॉडेलची जुनी गाडी त्याच्याकडे आहे. तिला दुधाचे कॅन बांधून तो रोज पहाटे घाट उतरतो आणि महाडात आमच्याकडेही दूध घालतो.

जे सांगितलं नाही, ते आठवडाभर आधी घडलं होतं. २०२४च्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, मी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने उतरत होतो. पहिला पाऊस सगळ्यात वाईट. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि सांडलेलं ऑइल भिजून रस्त्यावर साय धरल्यासारखं होतं. वेग तीसच्या आत होता. एका वळणावर गाडी कलती केली आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. कठड्यापासून दोन हातांवर थांबलो. खाली दरी धुक्याने भरलेली. याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली आणि ३० जण गेले. तिथून जाताना आम्ही इकडचे लोक आपसूक गप्प होतो. त्या दिवशी मी कठड्याला हात लावून बराच वेळ उभा राहिलो.

घसरलो का, हे मला तिथेच कळलं होतं. हा टायर मी २०२१च्या दिवाळीत घेतला होता. दरवर्षी गोकर्ण, हंपी अशी लांबची फेरी असते, म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता : जास्त कुठला चालेल? त्याने कडक रबराचा दिला, जुना स्टॉक म्हणून पैसेही कमी घेतले. टायरच्या बाजूवर चार आकडे होते, १९१८. म्हणजे २०१८च्या एकोणिसाव्या आठवड्यातलं उत्पादन. ते मला वाचता येत होते. वाचले, आणि सवलत घेतली.

कडक रबर लवकर झिजत नाही, त्याचं जे कारण तेच त्याचं वैगुण्य आहे : ते रस्त्याला कमी चिकटतं. ओल्यात तर फारच कमी. वर्षं जातात तसं ते आणखी टणक होतं, खाचांची खोली मात्र तशीच दिसत राहते. त्यात महामार्गाच्या काँक्रीटवर सरळ पळून टायर मधे सपाट झाला होता. वळणावर गाडी कलली की त्या सपाट पट्टीच्या धारेवरून निसटल्यासारखं व्हायचं. मित्रांना मात्र मी "एकवीस हजार झाले, अजून नवा दिसतो," असं अभिमानाने सांगायचो.

घसरल्यावर चार दिवसांत मी मधे कडक आणि कडेला मऊ रबर असलेला नवा टायर टाकला. म्हणजे माझ्या जिवापुरता निर्णय मला लगेच घेता आला. जुना कापून विहिरीपाशी झाडाच्या आळ्याला लावता आला असता. पण आठशे रुपये येत होते. शिवाय मनाने सबबही तयार ठेवली होती : तो हळू चालवतो, त्याला कुठे हंपीला जायचंय! तो रोज ओल्या घाटात, चाळीस लिटर दूध लादून, अंधारात उतरतो, हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दूध तर माझ्याच दारात येत होतं.

पंधरा दिवस झोप नीट लागली नाही. पाऊस कोसळू लागला की पहाटे गाडीचा आवाज येईपर्यंत जागा राहायचो. शेवटी नवा टायर आणून त्याच्या गाडीला बसवून दिला आणि जुना परत घेतला. "काका, तो चालत होता की, कशाला?" त्याने विचारलं. "दोन घेतले तर स्वस्त पडले," मी म्हणालो.

विकताना निदान शब्द खरे होते. हे मात्र सरळ खोटं होतं. कठड्यापाशी काय झालं ते त्याला अजून सांगितलेलं नाही. महिन्याचा हिशेब करायला तो रविवारी घरी येतो, तेव्हा सांगणार आहे.