निवळ आणि निर्मळ

इंग्रजींत 'क्लॅरिफाय' असें एक क्रियापद आहे. पातळ पदार्थांतला गाळ किंवा मळी काढून तो स्वच्छ करणें, हा त्याचा व्यवहारांतला अर्थ. आपल्या तुपाला इंग्रज 'क्लॅरिफाइड बटर' म्हणतात तें याच अर्थानें. पुढें तेंच क्रियापद विचारांना लागूं झालें, आणि संदिग्ध बोलणें उलगडून सांगणें हा अर्थ रूढ झाला. मूळ लॅटिन शब्द 'क्लारुस', म्हणजे उजळ.

पाण्यावरून विचारावर जाण्याची ही रीत एकट्या इंग्रजीची नव्हे. संस्कृतांत 'प्रसाद' म्हणजे पाण्याची स्वच्छता, आणि साहित्यशास्त्रांत तोच काव्याचा एक गुण. आपला नित्याचा 'खुलासा' मूळचा अरबी. त्याचा अर्थ काढून घेतलेलें शुद्ध सार, आणि 'निखालस' हा शब्दही त्याच गोत्रांतला. इतक्या दूरदूरच्या भाषांना एकच उपमा सुचावी, यावरून ती मनाला किती सहज पटते हें दिसतें. परंतु सहज पटणारी उपमाच अधिक पारखून घ्यावी लागते. बोलणें निवळलें म्हणजे तें निर्मळ झालें काय, हा आमचा प्रश्न आहे.

गढूळ पाण्यांत आपण तुरटी फिरवितों. पूर्वी निवळीचें बीं माठाच्या आंतल्या अंगास घासून ठेवीत. संस्कृतांत यालाच 'कतक' म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत याचा दाखला आहे: कतकाचें फळ पाणी निवळतें खरें, पण नुसतें त्याचें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. शंकराचार्यांच्या नांवावर असलेल्या 'आत्मबोधा'ंत त्याच बियांचा दुसरा दाखला येतो. कतकाची पूड गाळ घेऊन तळाशीं बसते. तसें ज्ञान अज्ञान घालवून स्वतःही मागें उरत नाहीं. आम्हां शिकविणारांनीं हा दाखला जवळ बाळगावा. ज्याच्या विवेचनानंतर विषयापेक्षां विवेचकच डोळ्यांत भरतो, त्यानें पाण्यांत आणखी एक पदार्थ घातला, एवढेंच.

मात्र या दोन्ही दाखल्यांत दोष गाळाचाच आहे. गाळाचे कण पाण्यांत तरंगत असतात. तुरटीनें ते एकमेकांस चिकटतात, जड होतात व खालीं बसतात. मिठाचें तसें नाहीं. तें पाण्यांत विरघळून पाण्याशीं एकजीव झालेलें असतें. वऱ्हाडांत अंजनगांव सुर्जीहून दक्षिणेस दर्यापुराकडे उतरूं लागलें कीं पूर्णेच्या खोऱ्यांतला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. तेथल्या विहिरीचें पाणी पेल्यांत घेतलें तर तळ दिसतो, तोंडाला लावलें तर खारट लागतें. तुरटीनें त्याचें कांहींएक होत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचें गोडें पाणी या भागांतल्या गांवांना नळानें पोंचवावें लागलें तें यासाठीं.

शब्दांतही असाच खार असतो, आणि त्याचें उदाहरण याच अंजनगांवीं घडलें. ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व ईस्ट इंडिया कंपनी यांचा तह येथें झाला. कंपनीच्या बाजूनें वाटाघाट आर्थर वेलस्लीनें केली. शिंद्यांच्या मांडलिकांशीं कंपनीनें केलेले करार शिंद्यांनीं मान्य करावे, असें त्यांत एक कलम होतें. शाई वाळते न वाळते तोंच त्या कलमाच्या आधारें ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांचे नाहींत, असा अर्थ कलकत्त्याहून निघाला. तो अर्थ काढणारा गव्हर्नर जनरल हा वाटाघाट करणाऱ्याचा सख्खा थोरला भाऊ. आणि धाकट्याचें मत मात्र असें कीं, ग्वाल्हेरपेक्षां वचनाची पत मोठी. अखेर नोव्हेंबर १८०५ च्या तहानें दोन्ही स्थळें शिंद्यांकडे परत गेलीं. पण परत देतांना कंपनीनें लिहून ठेवलें कीं, शिंद्यांचा हक्क आम्हांस मान्य नाहीं. केवळ मैत्रीखातर हें देतों. या वाक्यांत संदिग्ध असें कांहींच नाहीं. तें काचेसारखें स्वच्छ आहे. खार आहे तो 'मैत्री' या शब्दांत.

राजकारणाची गोष्ट म्हणून वाचकांनीं ही दूर सारूं नये. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सबंध देशानें २००५ सालीं वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरीही सुशिक्षित घरांतून बहिणींचीं हक्कसोडपत्रें होतात. तीं जाणत्या वकिलानें लिहिलेलीं असतात. गट नंबर बरोबर, चतुःसीमा बरोबर, एकही शब्द संदिग्ध नाहीं. आणि 'स्वखुशीनें' हा शब्द ठळक. कांहीं ठिकाणीं तो शब्द खराही असेल. पण सही केली नाहीं तर माहेरचें दार बंद होईल, ही भीति ज्या सहीमागें आहे, तिच्यापुढें कोणतीही तुरटी चालणार नाहीं.

स्पष्ट लिहिणें व स्पष्ट बोलणें हा सद्गुणच आहे, आणि गढूळपणाची तरफदारी आम्हांस करावयाची नाहीं. लबाडी बहुधा गढूळ पाण्यांतच दडते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खुलासा वाचून झाला म्हणजे परीक्षा संपत नाहीं. गाळ डोळ्यांना दिसतो, खार जिभेलाच कळतो. म्हणून कागद किती स्वच्छ आहे हें लिहिणाऱ्याला विचारावें, आणि पाणी कसें आहे हें ज्याला तें प्यावें लागतें त्याला.