माठाजवळचा धडा

परक्या जातिधर्माच्या माणसाकडे कसे पाहावे, हे कॉलेजातील मुले व्याख्यानांतून शिकतात असे आम्हांस वाटत नाही. १९१८ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांना ऐकावयास बाहेरचे विद्यार्थीही येत. पण प्राध्यापकांच्या माठातील पाणी त्यांनी प्यावे, यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हेच सहकारी वर्गात समतेवर सुरेख बोलतही असतील! मुलांनी कोणता धडा खरा मानावा? त्याआधी एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव शिकत असता तेथील उपाहारगृहवाला त्यांना चहापाणी देत नसे, प्रा. म्युलर यांनी मात्र त्यांना पुस्तके दिली, अंगावरचे कपडेही दिले. आमच्यापैकी जे कॉलेजात शिकवतात, त्यांच्या खोलीत दुपारी कोण कोणाच्या डब्यातले खातो? दार उघडेच असते, आणि मुले वह्या द्यावयास येत असतात.