कमी लेखणे

हिणवणारा तोंडावर बोलतो, म्हणून त्याला उत्तर देता येते. कमी लेखणाऱ्याला ते देता येत नाही. तो खोटे काहीच बोलत नाही. ‘सहकारी होते’, ‘मोलाचा हातभार लावला’ एवढे म्हणून तो पुढच्या मुद्द्याकडे वळतो. शब्द सगळे आदराचे असतात, आणि ज्याने काम केले तो मात्र एका ओळीत आटोपलेला असतो.

चंदीगडचेच पाहा. या शहराची रचना म्हटली की वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए हेच नाव पुढे येते. त्यांची थोरवी खरीच आहे. पण १९५१ पासून ते वर्षातून दोनदा, काही आठवड्यांपुरते येत. त्यांचे चुलतभाऊ, वास्तुरचनाकार पिएर जानरे मात्र १९६५ पर्यंत तिथेच राहिले. सरकारी घरे, शाळा, पंजाब विद्यापीठातले गांधी भवन ही त्यांची कामे. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित झाल्या. एवढे करूनही बहुतेक वर्णनांत ते ‘कॉर्बुझिए यांचे सहकारी’.

पुढे जानरे यांच्या नावाला भाव आला, तो खुर्च्यांमुळे. सागवानी, तिरप्या पायांच्या, वेताने विणलेल्या या खुर्च्यांवर खात्याचे क्रमांक रंगवलेले असत. कार्यालयांनी जुने सामान म्हणून त्या मोडीत काढल्या, आणि युरोपातल्या लिलावांत त्यांना लाखांनी किंमत आली. पण तिथेही गाडी एका नावाशी थांबली. चंदीगड घडवणाऱ्या चमूत फ्रेंच जाणणाऱ्या वास्तुरचनाकार उर्मिला युली चौधरी होत्या. फर्निचरच्या आराखड्यांत त्यांचाही वाटा होता आणि पुढे त्या चंदीगडच्या मुख्य वास्तुरचनाकार झाल्या. लिलावाच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच येते. सागवान रंधणाऱ्या सुतारांचे तर येतच नाही. आणि हे शहर मोकळ्या माळावर उभे राहिले, असे म्हणताना ज्यांची शेते आणि घरे गेली ती गावेच्या गावे पुसली जातात.

श्रेयाची दुरुस्ती एक पायरी उतरते आणि थांबते. ज्याला काल कमी लेखले, त्याच्याच नावाखाली आज दुसरे झाकले जातात. म्हणून नुसते नाव बदलून भागत नाही. स्मरणिका असो, अहवाल असो की सत्काराचे भाषण, ‘हातभार’ हा शब्द लिहिण्याआधी त्या माणसाने नेमके काय केले ते एका वाक्यात लिहावे. तेवढे वाक्य हा त्याचा हक्क आहे.