गफलत कशाला म्हणावे?

पापात बुडालेला माणूस गाफील असतो, हे आपण सहज मान्य करतो. परंतु जो पाप करीत नाही, दिवसभर उपयुक्त कामांत गढलेला असतो, तोही गाफील असू शकतो काय? वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

कुरआनची १०२ वी सूरह 'अत्-तकासुर' अवघ्या ८ आयतींची आहे. अधिकाधिक मिळविण्याची चढाओढ माणसाला कबरीपर्यंत गुंतवून ठेवते आणि अखेरीस लाभलेल्या देणग्यांचा जाब द्यावाच लागतो, असा इशारा ती देते. चोरीचा किंवा व्यसनाचा तीत उल्लेखही नाही.

असे गुंतणे केवळ बाजारातच घडते असे नाही. इमाम गझाली (रह.) बगदादच्या निझामिया मदरशात सुमारे ३०० विद्यार्थ्यांना धर्मविद्या शिकवीत. याहून पवित्र काम कोणते? तरीही त्यांनी आपली निय्यत तपासली, तेव्हा तेथे अल्लाहच्या प्रसन्नतेऐवजी कीर्तीची ओढ आढळली. सुमारे सहा महिने मनाची ओढाताण चालली, वाणीही खुंटली. अखेर इ.स. १०९५ मध्ये मुलाबाळांच्या निर्वाहाची सोय करून त्यांनी बगदाद सोडले. सुमारे अकरा वर्षांनी ते नेशापूर येथे पुन्हा अध्यापन करू लागले. काम पूर्वीचेच होते, निय्यत बदललेली होती.

तेव्हा दुकान, शेती वा नोकरी सोडावी, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. हलाल रोजी कमावणे हीदेखील इबादतच आहे. पण ज्या मुलांसाठी आपण राबतो, त्यांचे बोलणे ऐकण्यास आपणास सवड नसते. वृद्ध माता काही सांगत असते आणि आपली नजर मोबाईलवर खिळलेली असते. साधन ध्येयाच्या जागी केव्हा येऊन बसले, हे कळतही नाही.

आत्मपरीक्षणासाठी अकरा वर्षे आपणास मिळणार नाहीत. मात्र दिवसातून पाच वेळा अजान होते. हातातले काम वाईट आहे, असे ती म्हणत नाही. ते सर्वांत मोठे नाही, एवढेच ती स्मरण करून देते. आज इशाच्या नमाजनंतर घटकाभर थांबा आणि स्वतःला विचारा: दिवसभर मी जे केले, ते कोणासाठी केले? उत्तर अप्रिय वाटले, तरी निराश होऊ नका. निय्यत सुधारण्यास फजरची अजान पुन्हा बोलावणारच आहे. आयुष्य उरले असेल तर.