कर्तव्याचा हिशेब कागदावर मांडा

मुलगी म्हणते, मला इतिहासात संशोधन करायचे आहे. बाप म्हणतो, आधी घराकडे बघ. मग एकीला ध्येयवेडी आणि दुसऱ्याला व्यवहारी ठरवून आपण मोकळे होतो. या वादात दोन्ही पक्ष एकच गोष्ट टाळतात: आकडा. घराला दरमहा नेमके किती लागते, हे बहुतेक घरांत मुलांना सांगितले जात नाही. सांगणे कमीपणाचे आणि विचारणे उद्धटपणाचे, अशी आपली रीत. पण जी जबाबदारी कधी मोजलीच नाही, ती पुरी कशी होणार? तिच्या नावाखाली काहीही मागता येते आणि काहीही झटकता येते.

समजा, ही मुलगी लातूरची, पुण्यात आयटी कंपनीत कमावणारी. तिच्या पगारातून काय जाते ते लिहून काढा. आईची रक्तदाबाची औषधे, धाकट्याची फी, पीककर्जाचा हप्ता. पुढे चुलत बहिणीच्या लग्नातला आहेर, वास्तुशांतीचे जेवण आणि शेजाऱ्याने वरचा मजला चढवला म्हणून आपलाही स्लॅब. पहिल्या तीन बाबी कर्तव्याच्या. बाकीच्या तीन चारचौघांत नाक वर ठेवण्याच्या. तिचे संशोधन अडते ते बऱ्याचदा या दुसऱ्या यादीपायी, आणि दोष मात्र पहिलीला दिला जातो.

ध्येयवाद्यांनीही टाळ्या पिटू नयेत. बापाच्या पेन्शनवर जेवायचे, बहिणीच्या पगारातून खोलीभाडे भरायचे आणि वर 'मला पैशाचा मोह नाही' म्हणायचे, हा त्याग नव्हे. आपल्या स्वप्नाचे बिल दुसऱ्याने न विचारता भरावे, ही अपेक्षा शोषणाचीच.

'पैशाचा विचार केला की ध्येय बाटते' असे म्हणणाऱ्यांनी समाजसुधारक आगरकरांकडे पाहावे. एम.ए. होऊन त्यांनी श्रीमंतीची वाट जाणूनबुजून सोडली आणि शिक्षकी पत्करली. तसे आईला पत्राने आधीच कळवले. पण १८८४ मध्ये त्यांनी टिळकांसह स्थापन केलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांत पुढे वेतनवाढ आणि बाहेरची मिळकत यांवरून कडाक्याचे वाद झाले, आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. कोण बरोबर होते, हा प्रश्न इथे गौण आहे. ध्येयासाठी आयुष्य वाहिलेली माणसेही संसाराला किती लागते यावर उघड वाद घालत होती, आणि त्याने त्यांचे ध्येय उणे झाले नाही.

'आईबापांचे पांग फेडायचे नाहीत का?' जरूर फेडायचे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे. पण निर्वाह म्हणजे आयुष्य गहाण नव्हे. आणि कायदा दोघांना समान मानत असताना, मुलाच्या आवडीला करिअर आणि मुलीच्या आवडीला लग्नापर्यंतचा छंद म्हणणाऱ्या घराने कर्तव्याची भाषा जपून वापरावी.

ज्या घरात दोन वेळची भ्रांत आहे, तिथे 'मनाचे ऐक' हा उपदेश क्रूर आहे. तिथे नोकरीच आधी. मात्र ती किती वर्षे, कोणते कर्ज फिटेपर्यंत, हे तेव्हाच ठरवावे. नाहीतर 'तात्पुरती' नोकरी निवृत्तीपर्यंत चालते. शिवाय एका आजारपणात घर कर्जात बुडत असेल, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नसेल, तर तो दोष पंचविशीतल्या पोराचा नाही. सरकारी दवाखाना आणि वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन यांचा जाब त्याने नागरिक म्हणून मागावा, आणि त्याच्या आईबापांनीही.

तेव्हा सगळ्या भावंडांनी आईवडिलांसह एकदा बसावे आणि लिहावे: गरज कोणती, कधीपर्यंत, कोण किती उचलणार. त्यानंतर कुणी नोकरी धरली तर तो भित्रा नाही, आणि कुणी ती सोडली तर तो कृतघ्न नाही. ज्याला हा कागद समोर नको असतो, त्याला कर्तव्य नको असते. त्याला हुकूम चालवायचा असतो किंवा पळ काढायचा असतो.